कोरेगाव, लोणंद, शिरवळ

८ नोव्हेंबर, शनिवार

साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, दादासो, डोक्यात फिरतंय ते कागदावर उतरवत जा, बीपी आपोआप खाली येईल. म्हणून ही डायरी. मी कसला लिहिणारा! माझा धंदा दुसऱ्याचा आवाज मोठा करायचा. कोरेगावात साउंडचं दुकान आहे. लग्न, वाढदिवस, पुढाऱ्याची सभा, काय वाट्टेल ते. मी आणि केरबा, तरुणपणापासून एकत्र.

आता फिरतंय ते लिहितो. प्रांजल दिवाळीला आली होती. आमची एकुलती एक. सांगलीला हॉस्टेलवर राहते, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. दुकानात बसून लॅपटॉपवर गाणी ऐकत होती, जाताना गाण्यांच्या साईटवरचं आपलं खातं तसंच उघडं टाकून गेली. आज मी हळदीची गाणी शोधायला बसलो तर तिनं रोज काय काय ऐकलं ते सगळं माझ्यापुढं. बंद करायला पाहिजे होतं. नाही केलं.

सगळ्या परदेशी बायका. गळ्यात गिटार, पायात गुडघ्यापर्यंत बूट, आणि मागं मोकळा माळ. एकीचं पण तोंड हसरं नाही. पोरगीला काय झालंय?

१० नोव्हेंबर, सोमवार

गिऱ्हाईक नव्हतं. दुपारभर त्या बायका ऐकल्या. नावं इंग्रजी, लक्षात राहत नाहीत, म्हणून मीच ठेवली. एक टोपीवाली. एक चष्मेवाली. एक माउथऑर्गनवाली, तारेत अडकवून गळ्यात घालते, गिटार पण वाजवते आणि मधेच तोंडानं तो पण. आधी म्हटलं काय रडगाणं लावलंय. पण टोपीवालीच्या गाण्यात मधेच ड्रम येतो ना, च्यायला, अंगावर काटा आला. बेस किती नेमका लावलाय! आमच्यासारखं छाती फुटेपर्यंत नाही.

ह्या बायका स्वतःच गाणं लिहितात आणि स्वतःच गातात असं कळलं. मग मोबाईलवर एकेका गाण्याचं मराठी करून बघितलं. एक म्हणते, पहाटे गाडी काढली, आई उठायच्या आत. दुसरी म्हणते, ह्या गावात माझं काही उरलं नाही. तिसरीनं तर नवऱ्याची अंगठी नदीत टाकली. आणि आमची प्रांजल हे दिवसातनं पुन्हा पुन्हा ऐकते.

शालनला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं तर ती आजच सांगलीची गाडी धरेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी प्रांजलला फोन केला. जेवलीस का, जेवले. अभ्यास चाललाय का, चाललाय. पैसे आहेत का, आहेत. ठेवू का, म्हणाली. ठेव म्हटलं.

विचारणार कसं? तुझं खातं चोरून बघतोय म्हणून सांगू?

नानासोला फोन लावला. नानासो म्हणजे शालनचा भाऊ, विट्याला असतो. त्यानं दसऱ्यातच एक स्थळ सुचवलं होतं, मुलाचं नाव कुणाल, शिरवळला कंपनीत आहे, माणसं आपल्या धनगरांतलीच, आता मेंढरं कुणाकडं नाहीत, द्राक्षबाग आहे. मीच तेव्हा म्हटलं होतं की शिक्षण होऊ दे. आज म्हटलं, बघून तर घेऊ. नानासो लय खूश झाला. मला मात्र चहा गेला नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज त्या बायकांच्या मधेच एक मराठी गाणं सापडलं. नाव दिलंय ‘माळावरची’. चेहरा नाही, नुसता एका बाभळीचा फोटो. ऐकणारे पण मोजकेच. गिटार त्या टोपीवालीसारखीच, पण चाल आमची. आमची म्हणजे अगदी आमची. माझा बाप मेंढरामागं फिरायचा आणि देवापुढं ढोलावर ओव्या म्हणायचा, त्याच्या ओवीची ओढ आहे ती. मी खुर्चीतनं उठून उभाच राहिलो.

गावोगाव माझा बाप
आवाज पोचवितो
माझ्या घशातला बोल
माझ्या घशात ऱ्हातो

हिचा बाप दवंडी देणारा कोतवाल असावा. नाहीतर पुढारी. काही असो, पोरीनं बरोबर धरलंय त्याला.

फक्त रेकॉर्डिंगची वाट लागली आहे. गाण्याखाली सगळीकडं हम्म, गिरणी चालू असल्यासारखा. एवढं चांगलं गाणं आणि अर्थिंगच्या नावानं बोंब. राहवलं नाही. खाली लिहायची जागा असते तिथं लिहिलं, ताई, गाणं एक नंबर आहे, पण हम्म येतोय, अर्थिंग बघा. मी असं कधी लिहिलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लोणंदला लग्न होतं. माईक टेस्ट करताना केरबानं दोनदा माझ्याकडं बघितलं. सगळे लोक हॅलो चेक, वन टू थ्री करतात. मी पहिल्यापासून गावांची नावं घेतो. कोरेगाव म्हटलं की मधला आवाज कळतो, लोणंद म्हटलं की घुमतोय का ते कळतं, आणि शिरवळच्या श वर माईक शिट्टी मारतोय का बघायचं. प्रांजल लहान असताना स्पीकरच्या बॉक्सवर उभी राहून हेच करायची, कोरेगाव, लोणंद, शिरवळ, आणि वऱ्हाडातल्या बायका हसायच्या.

आज मला शिरवळचा श नीट ऐकूच आला नाही. इतकी वर्षं बॉक्सच्या शेजारी उभं राहून वरचा आवाज कमी झालाय. केरबानं न बोलता ट्रेबल लावला. त्याला कळलंय.

माझा पहिला माईक, लोखंडी जाळीचा, गोडाऊनमध्ये सापडत नाही. केरबाला विचारलं तर म्हणतो उंदरानं नेला असंल. माईक काय उंदीर नेतो?

२४ नोव्हेंबर, सोमवार

माळावरचीचं उत्तर आलं! ‘धन्यवाद काका. हम्म कसा घालवायचा? मला काही कळत नाही त्यातलं.’

मग काय, बसलो लिहायला. रेकॉर्डिंग करताना लॅपटॉपचं चार्जर काढून बॅटरीवर चालव. खोलीतली ट्यूब आणि पंखा बंद कर. माईकची वायर लाईटच्या वायरीला चिकटून नेऊ नको. गिटारचं मशीन आणि बाकीचं एकाच बोर्डावर लाव, आणि बोर्ड तीन पिनांचाच पाहिजे. एवढं मी शाळेत कधी लिहिलं नव्हतं. दुपारी जेवायला घरी जायचं विसरलो, शालनचा फोन आला तेव्हा भानावर आलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रोज थोडं थोडं बोलणं होतं. पोरगी हुशार आहे, नेमकं विचारते. आज मी धाडस करून विचारलं, ताई, घरचे गाऊ देतात का?

‘घरच्यांना माहीत नाही काका.’

मला वाईट वाटलं. लिहिलं, सांगून टाक. बाप कसाही असला तरी ऐकून घेईल.

मग तिनं विचारलं, तुम्हाला मुलगी आहे का. म्हटलं आहे, सांगलीला शिकते. ‘ती काय ऐकते?’ आता काय सांगणार? लिहिलं, माहीत नाही. ‘मग विचारा की तिला. आणि तिला काही सांगायचं असलं तर ऐकाल?’

मी लिहिलं, ऐकेन की, माझा धंदाच तो आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

नानासोनं नक्की केलं. चौदा डिसेंबरला, रविवारी, पाहुणे बघायला येणार. सकाळीच प्रांजलला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, पप्पा, त्या दिवशी मला काम आहे, आणि मला तुम्हाला एक सांगायचं होतं. मला वाटलं आता ही कुणाचं तरी नाव घेणार. म्हटलं घरी आल्यावर सांग, आणि फोन ठेवला.

त्या चष्मेवालीचं गाणं सारखं आठवतंय, पहाटे गाडी काढली, आई उठायच्या आत. सांगलीहून पहाटे कुठकुठल्या गाड्या सुटतात ते मोबाईलवर बघत बसलो. बेंगलोर, गोवा, मुंबई, पुणे. कुठंही जाता येतं तिथनं.

३ डिसेंबर, बुधवार

शालन विचारते, आवं, तुमी तोंड का पाडून बसलाय, पोरीला बघायला येनार तर खुश व्हायचं सोडून. तिनं फराळाचं सामान काढलंय, शेजारून चांगल्या कपबश्या मागून ठेवल्यात. मी हो हो म्हणतो.

प्रांजल दोन दिवस फोन उचलत नाही, नुसता ‘ठीक आहे’ असा मेसेज करते. पण त्या खात्यावर गाणी चालूच. आज सगळी माउथऑर्गनवालीची. मोबाईलला विचारलं, हा गाण्याचा प्रकार कुठला, तर म्हणे गुरं राखणारे आणि घोड्यावरनं फिरणारे लोक तिकडं जी गाणी म्हणायचे त्यातनं निघालाय, मग त्यात गिटार आणि ड्रम आले. म्हणजे ती माणसं पण आमच्यासारखीच, आज इथं तर उद्या तिथं. मी पण बॉक्स घेऊन तेच करतो म्हणा. पण मी रात्रीपर्यंत परत येतो.

५ डिसेंबर, शुक्रवार

माळावरचीनं लिहिलंय, काका, रविवारी चौदाला सांगलीत पहिल्यांदा लोकांपुढं गाणार आहे, भीती वाटते. मी लिहिलं, माईकपासून चार बोटं लांब उभी राहा आणि सगळ्यात मागच्या माणसाकडं बघून गा. नेमका चौदालाच आमच्या घरी पाहुणे आहेत, नाहीतर आलो असतो, असं पण लिहिलं.

त्यावर तिचं उत्तर नाही. आपल्या पोरीची काळजी सोडून मी परक्या पोरीची करत बसलोय.

८ डिसेंबर, सोमवार

आजचं सगळं लिहितो.

दुपारी बघितलं तर माळावरचीनं तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड करून टाकलं होतं. खाली लिहिलेलं, ‘काकांनी सांगितलं तसं केलं.’ मी खूश होऊन मोठा हेडफोन काढला, ट्रेबल वर केला. हम्म गेला होता. एकदम स्वच्छ. गिटार सुरू व्हायच्या आधी, एवढे दिवस त्या हम्मखाली काय होतं ते आता ऐकू आलं. कुणीतरी हळूच माईकवर म्हणतंय.

कोरेगाव. लोणंद. शिरवळ.

आधी वाटलं माझाच कुठला तरी माईक चालू राहिलाय. उठून सगळे बघितले, सगळे बंद. परत लावलं. श सुद्धा ऐकू आला, स्वच्छ.

बसलो तसाच. मग एकेक करून सगळं आठवलं. मी माझं नाव लिहिलं नव्हतं, पुरुष का बाई ते पण नाही, तरी ती पहिल्या दिवसापासून काका म्हणत होती. आणि तो आवाज पोचवणारा बाप कोतवाल नव्हे.

मी पोरीचा आवाज ओळखला नाही. तीन आठवडे रोज ऐकत होतो आणि ओळखला नाही. आणि तिनं स्वतः सांगायला तोंड उघडलं तेव्हा मी फोन ठेवला. लय लाज वाटली. रडलो, लिहायला काय जातंय.

केरबा आत आला, माझं तोंड बघितलं आणि हेडफोन उचलून कानाला लावला. मग म्हणाला, “दादासो, त्यो माईक मीच धाडलाय एस्टीनं. तिनं मागितला हुता. उंदराचं खोटं बोललो.”

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी शालनला स्वयंपाकघरात गाणं ऐकवलं, काही न सांगता. पहिली ओळ संपायच्या आत ती लाटणं ठेवून माझ्याकडं बघायला लागली. “ह्यो आपल्या प्रांजलचा आवाज हाय. तुमाला कळला न्हाई?”

तिला सगळं सांगितलं. ती आधी चिडली, पोरीवर, मग माझ्यावर, मग केरबावर. मग गाणं पुन्हा लावायला सांगितलं. नव्या रेकॉर्डिंगमध्ये एक कडवं वाढवलंय, ते मी काल नीट ऐकलंच नव्हतं.

मेंढरं निघाली तरी
म्हातारी रडत न्हाई
परत येणाऱ्याला कुणी
निरोप देत न्हाई

शालन डोळे पुसत म्हणाली, तुमच्या आईचं हाय हे. ती तशीच बसायची दारात, मामंजी निघाले की. खरंच आहे. बाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली कोकणाकडं जायचा आणि आई दारात उभी राहून नुसतं कांबळं नीट घेतलंय का एवढंच विचारायची. मी हे प्रांजलला कधी सांगितलं होतं ते आठवत नाही. ती लहान असताना टेंपोत सांगितलं असेल.

मग शालनच म्हणाली, पण पाहुण्यांना काय सांगायचं?

१० डिसेंबर, बुधवार

नानासोला फोन केला. म्हटलं, रविवारचं राहू दे. पोरीची परीक्षा झाल्यावर तिला विचारू, ती हो म्हणाली तर बोलावू.

नानासो म्हणाला, “सोयरीक म्हंजे काय मंडपाची ऑर्डर हाय का दाजी, कॅन्सल करायला? मी त्या लोकांना तोंड कसं दाखवू?”

त्याचं बरोबर आहे. चूक माझीच. घाई मी केली आणि मान खाली त्याला घालावी लागली. तसं बोललो. त्यानं फोन आपटला. ते लोक नंतर परत येतील का, गावात काय बोलतील, पोरीत काही खोट आहे म्हणतील का, हे सगळं डोक्यात फिरतंय. डॉक्टर म्हणाले होते लिहिल्यावर उतरेल. उतरत नाही.

प्रांजलला फोन करायचा होता. नंबर काढला, ठेवला. शेवटी दुकानात जाऊन लॅपटॉपवर लिहिलं, ताई, रविवारी साउंडला कोण आहे?

‘कोणी नाही काका. हॉलचेच दोन बॉक्स आहेत. पण तुमच्याकडे पाहुणे आहेत ना?’

लिहिलं, पाहुणे येणार नाहीत. मी येतो.

११ डिसेंबर, गुरुवार

सकाळी उत्तर आलं. ‘या.’ एवढंच. दिवसभर त्या एका शब्दात राग आहे का काय आहे ते शोधत होतो.

१५ डिसेंबर, सोमवार

कालचं लिहितो.

बेसचे मोठे बॉक्स घेतले नाहीत. केरबा म्हणाला, गड्या, आयुष्यात पयल्यांदा टेंपो हलका चाललाय. शालन पुढं बसली होती, मांडीवर चकल्यांचा डबा, पाहुण्यांसाठी केलेल्या. मला सारखं वाटत होतं, ती आम्हाला बघून गाणारच नाही, गिटार टाकून निघून जाईल.

सांगलीच्या विश्रामबागेतला लहानसा हॉल. कॉलेजची पोरं खुर्च्या लावत होती. आम्ही वायरी टाकल्या, एकाच बोर्डावर सगळं घेतलं, भिंतीतलं अर्थिंग मी दोनदा तपासलं. मग ती आली. खांद्याला गिटार, हातात माझा लोखंडी जाळीचा माईक. आईला बघितलं, केरबाला बघितलं, माझ्याकडं नाही बघितलं. सरळ पुढं जाऊन माईक स्टँडला लावला. मी मिक्सरवर मागं.

ती म्हणाली, कोरेगाव. मी मधला थोडा कमी केला. लोणंद. घुमत नव्हता. शिरवळ. मी केरबाकडं बघितलं, त्यानं मान हलवली, पण श मला पण ऐकू आला होता, त्याच्या मानेची गरज नव्हती.

मग तिनं मान वर करून हॉलच्या पार मागं बघितलं.

“पप्पा, आवाज येतोय का?”

आयुष्यभर लोकांनी मला हेच विचारलंय. काल मी नुसता हात वर केला. आमच्या धंद्यात हात वर केला म्हणजे येतोय.

ती गायली. मागच्या रांगेकडं बघून, माईकपासून चार बोटं लांब. पहिल्या गाण्यात आवाज थरथरला, दुसऱ्यात नाही. एका गाण्यात तिच्या मैत्रिणीनं, अक्षतानं, ढोल वाजवला आणि पोरं उठून उभी राहिली. शालन सगळा वेळ पदर तोंडाला लावून बसली होती. मी बटणांवरचा हात काढलाच नाही, काही करायचं नव्हतं तरी.

नंतर हॉल रिकामा झाला. प्रांजल माझ्याबरोबर केबल गुंडाळायला लागली, कोपरावर नाही, मी शिकवलं होतं तशी, सैल गोल. तेव्हा बोललो. स्थळाचं सांगितलं, नानासो मामा रुसलाय ते पण. ती म्हणाली, परीक्षेनंतर वर्षभर मला आणि अक्षताला गावोगाव जाऊन गायचंय, लग्नाला मी कधीच नको म्हटलेलं नाही, आत्ता नको. मग मला भीती वाटते, तेही मी सांगितलं. ती म्हणाली, मला पण.

शेवटी कबूल केलं की तिचं खातं महिनाभर चोरून बघत होतो, आणि आज दुकानात गेल्यावर बंद करतो म्हटलं.

“राहू द्या. फक्त काही लिहायच्या आधी वर नाव कुणाचं येतंय ते बघत जा.”

मला कळेना. तिनं मोबाईल पुढं धरला. मी लिहिलेल्या सगळ्यावर नाव होतं प्रांजल. तिच्या खात्यातनं लिहीत होतो ना. गाण्याखाली प्रांजल विचारतेय, ताई, घरचे गाऊ देतात का. प्रांजलच सांगतेय, चार्जर काढ. तिच्या मैत्रिणींना वाटलं हिला वेड लागलंय, स्वतःशीच बोलते आणि स्वतःलाच काका म्हणते.

“म्हणजे पहिल्या दिवशीच ओळखलंस?”

“अर्थिंग म्हटल्यावर दुसरं कोण असणार.”

“मग सांगितलं का नाहीस?”

केबलचा गोल तिनं माझ्या हातात दिला. “तुम्ही पहिल्यांदाच मला काहीतरी विचारत होता, पप्पा.”

मी केबल पेटीत ठेवली. बाहेर केरबा हॉर्न वाजवत होता.